मदत हवी आहे: आर१५ व्ही४ की आरसी २००? वळणात शिरताना आरसी अडते का?

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लावतोय, पण घाटात गाडी चालवणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

माझ्याकडे यामाहाची आर१५ व्ही३ बाईक आहे. सहावं वर्ष चालू, ४१ हजार किलोमीटर झाले. राहायला साताऱ्यात, रोज एमआयडीसीत ये-जा आणि रविवारी सकाळी यवतेश्वर घाट, कधीतरी पसरणी. दिवाळीला गाडी बदलायची आहे. पर्याय दोनच धरलेत: तिचीच पुढची आवृत्ती व्ही४, नाहीतर केटीएमची आरसी २००. कागदावरचं सगळं पाठ झालंय, त्यामुळे '१८.४ पीएस कुठे आणि २५ पीएस कुठे' हे कृपया सांगू नका. पिकअपला आरसी पुढे आहे, मान्य. माझा प्रश्न फक्त वळणाचा आहे.

व्ही४ शोरूममधून चालवायला मिळाली ती दोन किलोमीटर, सरळ रस्त्यावर, मागे त्यांचा पोरगा बसलेला. त्यातून डोंबल कळणार! तरी एवढं जाणवलं की स्वभाव व्ही३चाच आहे. तीच डेल्टाबॉक्स फ्रेम, पुढे १००/८०, मागे १४०/७० टायर, सीट तेवढीच ८१५ मिमी. फरक पुढच्या शॉकअपमध्ये. यूएसडी, म्हणजे उलटे बसवलेले शॉकअप, आल्याने ब्रेक दाबल्यावर नाक कमी खाली जातं.

आरसी मात्र मित्राची, २०२२ची, अख्खा रविवार हातात होती. यवतेश्वर चढलो, कासपर्यंत गेलो, परत उतरलो. गोंधळ तिथेच झाला.

ब्रेकला आरसी जबरदस्त. पुढे ३२० मिमीची डिस्क, ४३ मिमीचे फोर्क. उतारावर व्ही३ला जिथे ब्रेक लावतो त्याच्या पुढे जाऊन लावला तरी गाडी शांत, शेपटी हलवत नाही. पण वळणात शिरताना? व्ही३ला मान वळवली की गाडी वळते, हाताने काही केलंय असं वाटतच नाही. आरसी आधी अडते. हँडल ढकलावं लागतं, आणि जरा कलली की एकदम आत पडते. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी चुकते ना, तसं पोटात होतं. उतरताना डावीकडे वळणारं एक अगदी आवळलेलं वळण आहे, तिथे दोनदा लाइन सुटून मी पलीकडच्या बाजूला गेलो. दुसऱ्यांदा समोर एसटी. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा दिला नाही, नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

तर हा आरसीचा स्वभावच आहे का? व्ही४ १४२ किलो, ही १६०, शिवाय पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० असे रुंद टायर. की सहा वर्षं एकच गाडी चालवून माझाच हात बसलाय? माझी उंची पाच फूट सहा. आरसीची सीट उंच आहे, पाय जेमतेम टेकतात, पण चालू गाडीवर त्याचा त्रास झाला नाही.

घाटवेडा:
आरसी वळायला जड? लोकांची तक्रार उलटी असते, ती फार लवकर आत झेपावते म्हणून. अठरा किलोंचा फरक घाटात जाणवतो, पण गाडी अडवण्याइतका नाही. 'आधी अडते, मग पडते' हे वाचून मला टायर दिसतोय. मित्र रोज हायवेने जातो का? सरळ रस्त्यावर मागचा टायर मधेच झिजतो आणि सपाट होतो. मग कलताना गाडी त्या सपाट भागाच्या काठावर अडते, काठ ओलांडला की धपकन आत जाते. टायरवर आडवा हात फिरवून बघा, मधला पट्टा आणि बाजू यांच्यामध्ये धार लागेल. आणि पुढच्या टायरची हवा मोजा, नुसता अंगठा दाबून बघू नका. पुढे हवा कमी असली की हँडल जड होतंच.

स्पॅनर_१०_१२:
टायरबरोबर बॉल रेसरही बघा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. पुढचं चाक उचलून धरा, हँडल मधोमध ठेवा आणि बोटाने हलकेच ढकला. दोन्ही बाजूंना आपोआप शेवटपर्यंत पडलं पाहिजे. मधे खाचेत बसल्यासारखं थांबलं तर रेसर गेला. नट जास्त आवळलेला असला तरी हीच बोंब, गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा नागमोडी चालते. गॅरेजवाले बरेचदा खडखड बंद व्हावी म्हणून करकचून आवळून देतात.

मंदगती:
उसन्या गाडीवर माणूस हात ताठ करतो, हेही धरा. 'पाडली तर काय तोंड दाखवू' या भीतीने हँडल गच्च धरलं की डावा हात ढकलतो आणि उजवा त्यालाच अडवतो. गुडघ्यांनी टाकी आवळा, कोपरं सैल सोडा. मी दोन्ही चालवल्यात. मला विचाराल तर आवळलेल्या वळणांच्या माळेत व्ही४ जास्त मजा देते, कारण एका बाजूवरून दुसरीकडे झोपवताना कष्टच नाहीत. मोठ्या, वेगाच्या वळणात आरसी. एकदा कलली की खिळा ठोकल्यासारखी लाइन धरते. वळणातून बाहेर पडताना व्ही४ला एक गिअर खाली लागतो. व्हीव्हीए (इंजिन जोरात फिरायला लागलं की व्हॉल्व्हसाठी दुसरा कॅम लावणारी यंत्रणा) ७,४०० आरपीएमला उघडतो, त्याच्या खाली राहिलात तर चढावर वाट बघावी लागते. आरसी २०० तिथे माफ करते. खड्डे बुजवलेल्या पॅचवर मात्र आरसी कमरेला कळवते.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल मित्राच्या दारात उकिडवं बसून तपासणी केली. तो आठवड्यातून पाच दिवस सातारा–पुणे करतो, हे मी लिहायलाच विसरलो होतो. मागच्या टायरला मधे चार बोटं रुंद सपाट पट्टा, पाटाच्या फळीसारखा. घाटवेडांनी सांगितलेली धार नखाला लागते. पुढची हवा २१ निघाली, म्हणजे पाहिजे त्यापेक्षा सात-आठ कमी. बॉल रेसर ठीक आहे, हँडल दोन्हीकडे आपोआप पडतं.

हवा भरून यवतेश्वरला अर्ध्यापर्यंत जाऊन आलो. हँडलचा जडपणा बराच गेला, पायरी चुकल्यासारखं अजून होतं. टायर बदलल्याशिवाय आरसीबद्दल मत देणं तिच्यावर अन्याय होईल. कोपरं सैल सोडून बघितली, ती मात्र माझीच चूक होती. त्याच डाव्या वळणाला या वेळी लाइन सुटली नाही.

मित्र टायर बदलायला तयार आहे. तुझ्या प्रयोगासाठी लागतोय तर अर्धे पैसे तू दे, म्हणतो. त्यावर अडलंय.