मधाचा इसेन्स घालून 'शुगर फ्री' श्रीखंड: सोय की धूळफेक?

वरणभात_तूप
दोन दिवस एक पोस्ट फिरतेय, तुमच्याकडेही आली असेलच. चक्का, साखरेऐवजी स्टीव्हिया आणि मधाच्या कॉन्सन्ट्रेटेड इसेन्सचे दहा थेंब, की झालं डायबेटिसवाल्यांसाठी मधाचं श्रीखंड. इथवर ठीक. पण खाली ठोकून दिलंय की मधाचे सगळे गुण मिळतात आणि कॅलरी शून्य. अरे कुठून आले गुण? बाटलीच्या मागे वाचा ना जरा, प्रॉपिलिन ग्लायकॉल (फ्लेवर विरघळवायचं द्रावक) आणि फ्लेवर, बास. मधमाशी त्या बाटलीकडे फिरकलेलीसुद्धा नसते. बरं, मध काय नुसता वासाला घालतात का? ओट्स-सुकामेव्याचे लाडू धरून ठेवतो, केक ओलसर ठेवतो, भाजताना रंग आणतो. मी इसेन्स घालून लाडू करून बघितले, घरभर वास सुटला आणि वळायला घेतले तर नुसता भुगा, शेवटी वाटीत घालून चमच्याने खाल्ले. हौस म्हणून थेंब टाका, माझं काही म्हणणं नाही, पण आजारी माणसांना गुणांच्या थापा मारू नका.

सुगरण_ठाणे
श्रीखंड वळायचं असतं का हो? तुमचे लाडू फसले म्हणून आमच्या चक्क्याला का बोल लावता? माझ्या सासऱ्यांना शुगर आहे आणि आयुष्यभर सकाळी पोळीला मध लावून खायची सवय. एक मोठा चमचा मध म्हणजे २१ ग्रॅम, त्यात जवळजवळ १७ ग्रॅम साखरच. डॉक्टरांनी बंद केला तेव्हा चार महिने माणूस नाश्त्याला रुसून बसायचा. आता घट्ट दह्यात दोन थेंब इसेन्स, किंचित स्टीव्हिया, वर दालचिनी. स्टीव्हियाचा तो मागाहून येणारा कडवटपणाही मधाच्या वासाखाली झाकला जातो. खातात आनंदाने. गुणबिण कोणाला हवेत, चव हवीये!

वरणभात_तूप
ताई, दोन थेंब आणि दहा थेंब यात फरक आहे, आणि तुम्ही सासऱ्यांना 'यात मधाचे गुण आहेत' असं सांगत नाही. माझा राग त्या पोस्टवर आहे.

कोथरूडची_कुमुद
मला तर उलट लोकांचा राग येतो. 'शुगर फ्री, फक्त मध आणि खजूर घातलाय' म्हणून मिठाया विकतात!! मधात साखर नाही तर काय आहे? फ्रुक्टोज अन् ग्लुकोज मिळून सत्तर टक्क्यांच्या आसपास, बाकी बरंचसं पाणी. आमच्या सोसायटीत एक बाई अशा मोदकांचा डबा दुप्पट दराने विकते आणि घेणाऱ्यांत निम्मे डायबेटिसवाले. त्यापेक्षा इसेन्सवाली शंभर पटीने प्रामाणिक.

बंड्या_बारामती
प्रॉपिलिन ग्लायकॉल म्हणजे गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच ना? घाला अजून श्रीखंडात.

लॅबमधला_माणूस
आलं का कूलंट. विषारी असतं ते इथिलीन ग्लायकॉल, हे वेगळं. प्रॉपिलिन ग्लायकॉल खाण्याच्या फ्लेवरमध्ये चालतं, लेबलवर १५२० नंबर दिसेल. वासाचं म्हणाल तर फिनाइल ॲसिटिक ॲसिड आणि त्याच्या जवळची संयुगं, ती खऱ्या मधातही असतात. गंमत अशी की थोडं असलं तर मधाचा वास, जास्त झालं की घोड्याच्या तबेल्याचा. त्यामुळे दहा थेंबांचं श्रीखंड खाल्लेल्यांना साष्टांग नमस्कार. आणि कढईत उकळत्यात टाकू नका, वास उडून जातो, गॅस बंद करून जरा निवल्यावर टाका.

नवीन_सून
उकडीच्या मोदकाच्या सारणात किती थेंब टाकायचे? कोणी सांगेल का प्लीज, गणपती जवळ आलेत.

बंड्या_बारामती
ते सगळं सोडा. खरा मध आणून खा, काही होत नाही. खरा ओळखायची सोपी खूण, ग्लासभर पाण्यात टाकला की सरळ तळाशी जातो, भेसळीचा विरघळतो. आणि फ्रिजमध्ये खडे झाले की समजा साखर आहे.

जावळीचा_गडी
हे वाचून लॉगिन केलं. बंडोपंत, असल्या फॉरवर्डमुळे आमचा धंदा बसलाय. साखरेचा घट्ट पाक टाका ग्लासात, तोही तळालाच जातो. काडी मधात बुडवून पेटवायची, मुंग्या लागतात का बघायचं, सगळं थोतांड. आणि खडे होणं म्हणजे भेसळ नव्हे, मधातलं ग्लुकोज गारठ्यात साखळतं, मोहरीचा आणि सूर्यफुलाचा मध तर बघता बघता लोण्यासारखा घट्ट होतो. कोमट पाण्यात बरणी ठेवली की परत पातळ. माझ्याकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत, वडिलांपासून. गेल्या थंडीत पुण्याच्या एका गिऱ्हाईकाने साखळलेली बरणी परत पाठवली आणि वर फोन करून चोर म्हणाला. आणि तोच माणूस मॉलमधला बारा महिने पातळ राहणारा मध शुद्ध म्हणून नेतो!

कोथरूडची_कुमुद
दादा, पण विश्वास ठेवायचा कोणावर? २०२० च्या डिसेंबरात सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेने मधाचे १३ ब्रँड तपासले, सगळ्या चाचण्यांत पास झाले फक्त ३. भेसळीचा पाक असा बनवलेला की आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्यांत सापडतच नाही, जर्मनीत एनएमआर नावाची जास्त बारीक चाचणी केल्यावर उघडं पडलं. अमेरिकेला पाठवायच्या मधाला एनएमआर त्याच वर्षी सक्तीची केली होती, आपण खायच्या मधाला नाही. म्हणजे गोऱ्यांना मध आणि आपल्याला पाक.

बंड्या_बारामती
बघा! आणि हे पेटीवाले पण पावसाळ्यात माश्यांना साखरेचा पाक पाजतात की. मग मध कसला, साखरच ती, माशीच्या पोटातून आलेली.

जावळीचा_गडी
पाजतो, सगळेच पाजतात. महाबळेश्वरच्या पावसात माशी पेटीबाहेर पडू शकत नाही, मग उपाशी मारायची का? तो पाक माश्यांच्या पोटाला, फुलोरा सुरू व्हायच्या आत बंद करायचा असतो. न करणारे आहेत, नाही म्हणत नाही. पण सरसकट चोर म्हणू नका. कधी एप्रिलमध्ये या, जांभळाचा आणि हिरड्याचा मध शेजारी शेजारी चाखा. कारवी फुलते ती सात-आठ वर्षांनी एकदा, तिच्या मधात मुळातच सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, जास्त, इतर मधाला ५ टक्क्यांची मर्यादा तिथे हिला नियमातच १० टक्के दिलेत. म्हणजे तुमची लॅब नियम नीट न वाचता बसली तर आमचा अस्सल कारवीचा मध नापास. शेजारच्या मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव केलं, बोर्ड लागला, टुरिस्ट येतात, सेल्फी काढतात आणि विचारतात 'भैया, साखर मिलाया क्या?'

सुगरण_ठाणे
अहो विषय काय, चाललंय काय. सासऱ्यांना जांभळाचा दिला काय आणि कारवीचा दिला काय, शुगर वाढणारच ना?

जावळीचा_गडी
वाढणार. ते मान्य. त्यांना नका देऊ. पण तुमच्या त्या थेंबांना जांभूळ आणि हिरडा कळतो का?

सुगरण_ठाणे
नाही कळत. आणि सासऱ्यांनाही या वयात कळत नाही, त्यांना पूर्वीपासून मॉलमधलाच आवडायचा 😀

आजोबांचा_नातू
मध गरम करणं विष आहे, चरकाने सांगून ठेवलंय. तुम्ही केकमध्ये काय घालताय?

लॅबमधला_माणूस
तापवल्यावर एचएमएफ नावाचं, साखरेपासून बनणारं संयुग वाढतं, चवही मरते, त्यामुळे उगीच तापवू नये इथपर्यंत मी तुमच्या बाजूने. केकमुळे कोणी मेल्याचं ऐकलं नाही. मधाची खरी भीती कुठे असेल तर एक वर्षाच्या आतल्या बाळांना, बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, होऊ शकतो. आणि नेमकं तिथेच आपल्याकडे आज्या मध चाटवायला पुढे. माझ्या मुलीच्या वेळी दवाखान्यात यावरून असं भांडण झालं की मावशी अजून बोलत नाही.

आजोबांचा_नातू
आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चाटवतात, सगळे ठणठणीत आहेत.

लॅबमधला_माणूस
जे ठणठणीत राहिले तेच सांगायला उरतात. बाकी चालू द्या.

वरणभात_तूप
माझा धागा मधाच्या पोळ्यासारखा फुटलाय. असो. डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये सांगितलंय की वजन कमी करायला स्टीव्हियासारखे साखरेऐवजीचे गोडवे नकोत.

कोथरूडची_कुमुद
पुढची ओळ पण वाचा की. ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांना ते लागू नाही असं तिथेच लिहिलंय. आणि मधाला ते फ्री शुगर्समध्येच धरतात, साखरेच्याच पंगतीत.

वरणभात_तूप
बरं बाई, जिंकलात. ठाण्याच्या सासऱ्यांना सूट. बारीक व्हायला दहा थेंबांचं श्रीखंड वाटीवाटीने चापणाऱ्या माझ्या मेव्हण्याला नाही. आणि त्या पोस्टीतली 'मधाचे गुण' ही ओळ काढल्याशिवाय मी तिथे रिपोर्ट करत राहणार.

नवीन_सून
कोणीच सांगितलं नाही, मोदकात किती थेंब?

सुगरण_ठाणे
वाटीभर सारणाला एकच, खोबरं निवल्यावर. पण गूळ घालणार असशील तर कशाला हवाय गं इसेन्स, गुळापुढे काही लागणार नाही. आणि गूळ न घालता करणार असशील तर सारण सुटं राहतं, आधी एकच मोदक करून बघ, उकडताना फुटतो का ते.

बंड्या_बारामती
गडीभाऊ, जांभळाचा किलोला काय भाव? कुरियर करता का? साखळला तर परत घेणार ना?