ऐन सफारीत हॉटेल बदललं तेव्हा काय केलंत? अनुभव लिहा

काजूगर (म्हापसा):
गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौदा जण केनियाला जाऊन आलो, मोप्याहून मुंबई आणि तिथून नैरोबी, सगळी म्हापसा-पेडण्याकडचीच माणसं. मसाई माराला जाताना वाटेत नारोकला जेवायला थांबलो आणि टूर मॅनेजरचा फोन वाजला. बोलून आला तो चेहरा पाडूनच, "काका, एक छोटासा चेंज आहे." आमचा कॅम्प रिझर्व्हच्या आत तालेक नदीकाठी होता, तिथं म्हणे ओव्हरबुकिंग झालंय, आता सेकेनानी गेटच्या बाहेरच्या लॉजवर जायचं. व्हाउचरवर बारीक अक्षरात 'किंवा तत्सम' छापलेलं होतंच.

आता गंमत बघा, आम्ही पाऊण तास भांडलो ते कशावरून, तर स्विमिंग पूल आहे का, बाथटब आहे का! नव्या लॉजचा पूल मोठा निघाला तेव्हा सगळे गप्प, मीसुद्धा खूश. गेट किती लांब हे एकानंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, खड्ड्याखड्ड्यांतून पन्नास मिनिटं आणि पुढं गेटवर रांग. जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला 200 डॉलर फी, ती सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढ्याचीच, आणि आम्ही आत शिरलो साडेसातला. ड्रायव्हरच्या वायरलेसवर "चुई, चुई" चाललेलं, चुई म्हणजे बिबट्या. पोचलो तर फांदीवर इम्पालाचं अर्धं धड लोंबतंय, मागचे दोन पाय तेवढे हलताहेत वाऱ्यानं, आणि खाली नऊ गाड्या. बिबट्या नुकताच उतरून झुडपात गेलेला. आतल्या कॅम्पवाले आपापल्या कॅमेऱ्यात फोटो बघत बसलेले, एकानं मला दाखवला पण, काय बोलणार.

त्या रात्री मात्र मॅनेजरला सांगितलं की खोली राहूदे, गाडी पाचला काढ आणि नाश्ता डब्यात भरून दे. उकडलेलं अंडं, केळं, गार पडलेलं सॉसेज, शाकाहारी मंडळींना घरचा चिवडा. पुढचे दोन दिवस मस्त गेले. तुमचं काय झालं ते लिहा, कुठल्याही पार्कचं चालेल.

आबोली (फोंडा):
आमचं उलटं झालं. टांझानियात गोरोंगोरोला क्रेटरच्या (जुन्या ज्वालामुखीच्या विवराच्या) कड्यावरचं लॉज बुक होतं, आदल्या दिवशी कळलं की करातू गावात राहायचंय. नवरा भडकला, कारण उठल्याउठल्या खिडकीतून क्रेटर दिसणार म्हणून तर जादा पैसे भरलेले. पण सासूबाईंना दमा आहे, आणि कडा म्हणजे 2300 मीटर उंची, रात्री धुकं आणि कडाक्याची थंडी, आमच्या सासूबाई डिसेंबरात फोंड्यातसुद्धा कानाला रुमाल बांधतात. करातू त्यामानानं खाली, ऊबदार. तिथला आचारी दोन्ही रात्री गरम चपात्या आणि राजम्यासारखी उसळ घेऊन स्वतः टेबलापाशी यायचा, सासूबाई त्याला 'बाबा' म्हणायला लागल्या. सकाळी अर्धा तास लवकर निघालो एवढंच. कड्यावर राहिलं तरी क्रेटरच्या तळाशी कुणालाच मुक्काम करू देत नाहीत, संध्याकाळी सगळ्यांनाच वर यावं लागतं. नवरा अजून म्हणतो फसवलं. मला नाही वाटत. फरकाचे पैसे मात्र मागायला हवे होते, ते राहिलंच.

पात्रांव (मडगाव):
खोली, व्ह्यू सोडा, आधी वीज विचारा! बाबांना झोपेत श्वासाचं मशीन लावावं लागतं. अंबोसेलीत आमचा जुना कॅम्प चोवीस तास विजेचा होता, मुद्दाम बघून घेतलेला. बदलून मिळालेल्या टेंटात लाइट रात्री दहाला बंद, पहाटे पाचला चालू. हे कळलं कधी, तर साडेनऊला, सूपचा वाडगा समोर असताना. बहीण रडायलाच लागली. कॅम्पचा मॅनेजर भला माणूस, "पोले साना, पोले साना" म्हणत (म्हणजे माफ करा हो) त्यानं ऑफिसशेजारची स्टाफची खोली मोकळी करून दिली, तिथं इन्व्हर्टरची लाइन होती. बाबा तिथं झोपले, मी जमिनीवर गादी टाकून. त्यात प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपला बसत नाही, अडॅप्टर होता म्हणून वाचलो. पहाटे बाहेर आलो तर किलिमांजारो अख्खा उघडा, बाबा म्हणाले स्टाफचाच व्ह्यू बेस्ट. थोड्या वेळात ढगात गेला.

डिचोलीकर:
मी वीस वर्षं कळंगुटला हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, तेव्हा दुसरी बाजू पण ऐका. बुकिंग असलेल्या पाहुण्याला असं ऐनवेळी दुसऱ्या हॉटेलात पाठवण्याला आमच्यात 'गेस्ट वॉक करणं' म्हणतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्हीपण करतो, खोटं कशाला बोलू. लॉबीत जो ओरडतो त्याला आम्ही ज्यूस देतो आणि बसवून ठेवतो. जो व्हाउचर काढून ड्युटी मॅनेजरला शांतपणे विचारतो की कॅटेगरी कुठली, मील प्लॅन तोच का, आणि हे सगळं मेलवर द्या, त्याचं काम होतं, कारण लिहून दिलं की अडकतो आम्हीच.

आणि दर वेळी लबाडीच असते असं नाही. मे 2024 मध्ये तालेकला पूर आला, मारातले कितीतरी कॅम्प पाण्याखाली गेले, पर्यटकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. तेव्हा कोण काय करणार.

सोलकढी (पर्वरी):
पूर ठीक आहे हो, पण फरकाचे पैसे? आमची नाकुरूची दोन रात्रींची लॉज बदलली, चार तारेवरून तीनवर. मी तिथं काही वाद घातला नाही, दोन्ही हॉटेलांचे त्याच तारखांचे रेट मोबाइलवर काढून स्क्रीनशॉट ठेवले, मॅनेजरचे व्हॉट्सॅप मेसेज ठेवले, आणि चेकआउटला जी पावती मिळाली तीही. परत आल्यावर कंपनी म्हणते तुम्ही तिथं राहिलात म्हणजे मान्य केलंत. मी म्हटलं रात्री सिंहांत झोपू का? शेवटी ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार टाकली, पाच आठवड्यांनी चौघांचे मिळून 18 हजार आले. आधी पुढच्या टूरचं कूपन देत होते, ते घेऊ नका.

काजूगर (म्हापसा):
सोलकढीताई, आम्ही कूपनच घेतलं! आणि त्यावर दुबईशिवाय काही चालत नाही म्हणे.

चवथीआधी (पेडणे):
वाचून पोटात गोळा आला. आम्ही येत्या शनिवारी निघतोय, वास्कोला जाऊन यलो फिव्हरचं इंजेक्शन घेतलं, बॅगा भरल्या, आणि आता कागद बघते तर माराच्या तीन रात्रींपुढं नुसतं 'डीलक्स कॅम्प किंवा तत्सम'. कॅम्पचं नावच नाही. थांबा, फोन करते.

चवथीआधी (पेडणे):
केला फोन. आधी म्हणाला खूप सुंदर प्रॉपर्टी आहे मॅडम, पूल आहे. मी म्हटलं पूल नको, गेटच्या आत की बाहेर ते सांग. होल्डवर ठेवला. बाहेर. सव्वा तास.

आता नवरा बोलतोय त्याच्याशी, मी चिवडा वाढवायला घेतलाय.