ब्रेक लायनर आणि मिस्त्रींचा अंगठा
जुन्या ट्रक गॅरेजात पोरं नुसती पाने पुसायची, असं काही जण म्हणतात. साताऱ्यात मी तीन वर्षं काम केलं, तिथं तसं नव्हतं. खंबाटकी घाट उतरून आलेल्या गाडीचा ब्रेक ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, काढला की जळक्या लायनरचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीचा, वास शेडभर पसरायचा. लायनर धरून ठेवणारे जुने रिव्हेट (खिळे) तोडून नवं लायनर ठोकायचं काम माझ्याकडे. रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत बसलं पाहिजे, वर राहिलं तर ड्रमला चर पडतात. मिस्त्री प्रत्येक डोक्यावरून अंगठा फिरवायचे. एक जरी हाताला लागलं तरी म्हणायचे, "काढ पोरा, घाटात ड्रायव्हरचा जीव याच्यावर असतो." इतकं जीव लावून शिकवणारा माणूस पुन्हा भेटला नाही. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. गाडीखाली उतरून काम करायचा पिट (खड्डा) बुजवून वर फरशी घातलीय.