ईसी प्रोब पाण्यात सोडला की पीएच उडतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं आणि ठिबकचे ड्रिपर पांढऱ्या थराने चोंदतात. वर्षातून एकदा पाणी प्रयोगशाळेत देतो, पण एका बाटलीवरून बारा महिन्यांचं काय कळणार? म्हणून मोटारीशेजारच्या टाकीत कायम राहील असं स्वस्तातलं यंत्र जुळवायला घेतलंय. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. डाग देता येतो आणि दुसऱ्याचा कोड वाचून बदलता येतो, इतकंच.

जोडणी अशी: ईएसपी-३२ (वाय-फायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड), त्याला एडीएस-१११५ (व्होल्टेजचे आकडे करून देणारी चिप; ईएसपीचे अर्धे अ‍ॅनालॉग पाय वाय-फाय सुरू झालं की रुसतात), काचेचा पीएच (आम्ल-अल्कता) प्रोब त्याच्या बोर्डासकट, ईसीचा (पाण्याची विद्युतवाहकता, यावरून क्षार कळतात) प्रोब आणि तापमानाला डीएस-१८बी२० सेन्सर. तापमान हवंच, कारण पाणी एक अंशाने तापलं की ईसी साधारण २ टक्के वाढते. कोडमध्ये ती २५ अंशांवर आणून घेतो.

आता रडगाणं. बादलीत एकटा पीएच प्रोब: ७.८. प्रयोगशाळेच्या कागदावर ७.७, म्हणजे ठीकच. एकटा ईसी प्रोब: १.९ डेसीसायमन प्रति मीटर. दोन्ही एकत्र सोडले की पीएच धाडकन ६.३ वर येतो आणि तिथे थरथरत बसतो. ईसी प्रोब उचलला की परत जागेवर.

बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) पुन्हा कॅलिब्रेट केलं, वायरी बदलल्या, पॉवर बँकेवर चालवलं, प्रोब बादलीच्या दोन कडांना धरले. फरक शून्य. पण तेच पाणी दोन पेल्यांत घेऊन प्रोब वेगवेगळे ठेवले की दोन्ही आकडे बरोबर! दोन दिवस डोकं खाजवतोय. बोर्ड खराब आहे का? की पीएचचा नाद सोडून नुसत्या ईसीवर भागवू?

प्रतिसाद १

बोर्ड चांगला आहे, पेल्यांच्या प्रयोगातच उत्तर आहे. दोन्ही बोर्डांचं ग्राउंड एक आणि पाणीही एक. ईसीचा बोर्ड पाण्यातून करंट सोडतो, तोच पाण्यातून पीएचच्या संदर्भ इलेक्ट्रोडकडे (ज्याच्या तुलनेत प्रोब व्होल्टेज मोजतो) वाट काढतो. काचेच्या प्रोबमध्ये एका पीएचला जेमतेम ५९ मिलीव्होल्ट मिळतात, म्हणजे तुमची दीडची उडी ९० मिलीव्होल्टचीही नाही. एवढं बिघडायला फार लागत नाही.

पाळीपाळीने मोजा. ईसी बोर्डाचा नुसता प्लस तोडून भागणार नाही, ग्राउंड तसंच राहतं. दोन पोलचा रिले (दोन तारा एकदम तोडणारा विजेवरचा स्विच) घेऊन ईसी प्रोबच्या दोन्ही तारा तोडा, थोडं थांबा, मग पीएच वाचा. आयसोलेटेड (ग्राउंड वेगळं ठेवणाऱ्या) सप्लायचा मार्ग नीटनेटका आहे, पण मग आय-टू-सीसुद्धा (चिपकडून ईएसपीकडे आकडे नेणाऱ्या वायरी) आयसोलेट करावा लागतो आणि खर्च वाढतो.

प्रतिसाद २

पीएच प्रोब कायम टाकीत ठेवू नका असं माझं मत. टाकी रिकामी झाली आणि काच वाळली की प्रोब बिघडू शकतो. टोपीत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड घालून ठेवा, आठवड्याला हाताने मोजा. ईसी मात्र कायम राहू द्या. ०.७ च्या आत असेल तर क्षारांची काळजी नाही, ३ च्या वर गेलं तर गंभीर. तुम्ही मध्ये आहात. आणि हो, ईसी एकूण क्षार सांगते, त्यात सोडियम किती ते नाही. ड्रिपरवरचा पांढरा थर बहुतेक चुन्याचा असतो, तोही यातून कळत नाही. त्यामुळे प्रयोगशाळा सुटत नाही.

धागाकर्ता

रिले लावला. ईसी तोडून दहा सेकंद थांबलो, पीएच ७.८, हलत नाही! काल रात्रभर बादलीत चालू होतं. पीएच आता आठवड्यातून एकदाच, हाताने. फक्त ईसीच्या प्लेटांवर एका रात्रीत पांढरट साय धरलीय. ती कशाने काढू? व्हिनेगर चालेल की प्लेटांवरचा काळा लेप जाईल?