घुमट आरत्यांची पीडीएफ ई-रीडरवर: अक्षरांची चित्रं करावीत का?

मीनल_फोंडा
आजोबांच्या घुमट आरत्यांची वही आम्ही २००३ मध्ये डीटीपी करून घेतली होती. आता हाती उरलीय फक्त तिची पीडीएफ, ए-५ आकाराची. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बाबा घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवतात, दोन्ही हात अडकलेले. म्हणून सहा इंची ई-रीडर समोर टेकवून ठेवायचं ठरवलं. कॅलिबर या प्रोग्रॅममधून ईपब (ई-पुस्तकाची फाइल) केलं, तर देवाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं! पीडीएफ तशीच टाकली तर अक्षर मुंगीएवढं. पानं एसव्हीजीत, म्हणजे रेषांच्या चित्रांत, बदलून भागेल का? बाबा शहात्तरचे आहेत, यंदाच्या चवथीला हे जमायलाच हवं.

म्हापशेकर
ताई, वीस वर्षं डीटीपी केलंय, हा घोळ रोजचा होता. तुमचा फाँट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतांचा, नाही. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. ईपब करताना तो फाँट गळतो आणि मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. पीडीएफमध्ये मात्र आकार शाबूत आहेत. इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये पीडीएफ उघडताना पॉपलरचा पर्याय निवडून पान आणा, अक्षरांच्या बाह्यरेषा होतात. मग फाँटची गरजच नाही, कितीही मोठं करा, कडा फाटत नाहीत.

पण ओळ आपोआप मोडणार नाही, तेव्हा आधी माप काढा. ए-५ची रुंदी १४८ मिमी, रीडरचा पडदा जेमतेम ९१. बारा पॉइंटचं अक्षर सातवर येतं. दोन्ही बाजूंचा वीस-वीस मिमी समास कापा आणि रीडर आडवा धरा. १२२ मिमी रुंदी मिळते, अक्षर साडेतेरा पॉइंटचं होतं. मात्र एका पानाचे दोन-तीन तुकडे पडतील. ते कडवं संपेल तिथेच पाडा. शेवटी तुकडे जोडून परत पीडीएफच करा, नुसती एसव्हीजी बरेच रीडर उघडत नाहीत.

साखळीचा_वाचक
मला हे अर्धंच पटतं. बाह्यरेषा झाल्या की शोध गेला, शब्दकोश गेला, रीडरच्या सेटिंगमधून अक्षर वाढवणं गेलं. सवडीनं युनिकोडमध्ये टाइप कराच. चित्रातलं अक्षर ओळखणाऱ्या टेसेरॅक्ट प्रोग्रॅमला मराठी येतं, मदत होईल. पण जोडाक्षरं एकेक तपासा, आरतीत एक मात्रा चुकली तरी ताल अडतो.

मीनल_फोंडा
म्हापशेकर, आडवं धरण्याचं डोक्यातच आलं नव्हतं! काल चार आरत्या केल्या. बाबांनी हातभर अंतरावरून चष्म्यानं वाचल्या, 'ळ' आणि 'क्ष' अगदी वहीतल्यासारखे. एका ठिकाणी मी ध्रुवपद मध्येच कापलं होतं, ते त्यांनी लगेच पकडलं, ते पान परत केलं. पान उलटायला भाचा बसेल. शोध चालत नाही म्हणून प्रत्येक आरतीच्या पहिल्या ओळीचा बुकमार्क युनिकोडमध्ये टाइप करतेय. एकवीस झाले.