मदत हवी आहे : नकाशावरील अनेक मार्करपैकी एकाचाच रंग कसा बदलावा?

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार तालुक्यांतील सार्वजनिक विहिरी व हातपंप दाखवणारे अँड्रॉइड अ‍ॅप मी कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत तयार करत असून, आज पाणी कुठे आहे हे टँकरचालकांना लगेच कळावे, हा त्याचा उद्देश आहे. ठिकाणे सुमारे ९०० आहेत.

प्रत्येक ठिकाणासाठी नकाशावर खूण (मार्कर) टाकणारे फंक्शन अ‍ॅडमार्कर वापरल्यावर नकाशा अडखळत होता, म्हणून गूगल मॅप्सच्या युटिलिटी लायब्ररीतील क्लस्टरमॅनेजर घेतला. त्यानंतर हालचाल सुरळीत झाली आणि जवळचे मार्कर नीट एकत्र येतात.

अडचण पुढची आहे. विहीर कोरडी पडल्याची नोंद आली की निळा मार्कर लाल व्हायला हवा. रूम या फोनमधील डेटाबेसमधील नोंद अचूक बदलते, अपडेटआयटम (ठिकाणाची माहिती बदलणारे) आणि नंतर क्लस्टर (गट पुन्हा करणारे) ही फंक्शनेही चालतात, तरीही नकाशा लहान-मोठा करून गट नव्याने तयार होईपर्यंत रंग जुनाच राहतो. टँकर चुकीच्या विहिरीवर जाणे उन्हाळ्यात परवडणारे नाही, त्यामुळे हा विलंब मला चालणार नाही. सर्व मार्कर काढून पुन्हा टाकल्यास रंग बदलतो, पण उघडलेली माहितीची चौकट बंद होते.

रंग सध्या ऑनबिफोरक्लस्टरआयटमरेंडर्ड या, मार्कर नकाशावर येण्याआधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये ठरतो. बरेच फोन २ जीबी रॅमचे आहेत आणि गावांत नेटवर्क क्षीण असते, म्हणून सर्व्हरवर गट करणे शक्य नाही.

तोच रंग ऑनक्लस्टरआयटमअपडेटेड या, ठिकाणाची माहिती बदलल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्येही ठरवणे पुरेसे होईल का, की गेटमार्करने मूळ मार्कर मिळवून त्याचे चित्र थेट बदलणे अधिक योग्य ठरेल?