बोटीचे पारदर्शक पडदे थंडीत कसे ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

आमची बोट लेक सिमकोवर असते. ऑक्टोबरात, इथल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास ती पाण्याबाहेर काढतो. तिच्या छताभोवती पारदर्शक प्लास्टिकचे चेनवाले पडदे आहेत. मागच्या वर्षी ते चादरीसारखे घड्या घालून गॅरेजमध्ये ठेवले. मे महिन्यात उघडले तर प्रत्येक घडीवर पांढरी रेघ, आणि एकाला कोपऱ्यात चक्क तडा. नवीन शिवून घ्यायचा भाव ऐकून हे गप्पच बसले. बाकीचे तरी वाचावेत असं फार वाटतं. कुणाला माहिती आहे का?

अमळनेरची ताई, सध्या ऑन्टारियो

---

ताई,

जळगावहून नाना. मुलाकडे येऊन राहिलो होतो, तेव्हापासून मंडळाच्या मेल मला येतात. बठ्ठं बरं शे ना?

बोट मी कधी बाळगली नाही. पण माझी सगळी नोकरी इथल्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात झाली, आणि आमच्या गॅलरीला पावसाळ्यात असेच पडदे लागतात. केळीच्या बागेतला पाइप आणि तुमचा पडदा, दोन्ही पीव्हीसीच. फरक इतकाच की पडद्यात प्लास्टिसायझर म्हणून तेलासारखा पदार्थ भरपूर घालतात, म्हणून तो वाकतो. हा पदार्थ आत पक्का बांधलेला नसतो. उन्हाने, उष्णतेने तो हळूहळू बाहेर येतो. थिनर, रॉकेल, स्पिरिट लावलं तर त्याच्यासोबत निघून जातो. मग पडदा पिवळट, ताठ होतो आणि तडकतो. शून्याखालच्या थंडीत तर चांगला पडदासुद्धा कडक होतो. तुमच्या घडीवर तडा गेला तो म्हणूनच. घडी घालायचीच नाही, एकसुद्धा नाही.

गुंडाळी करा, तीही सैल. आत जाड पुठ्ठ्याची नळी ठेवलीत तर उत्तम. प्लास्टिकला प्लास्टिक लागू द्यायचं नाही, मध्ये मऊ सुती कापड हवं. कापड पांढरंच घ्या. मी एकदा घरातलं जुनं लाल लुगडं घातलं होतं, त्याचा रंग पडद्यात उतरला, तो आजही गेलेला नाही. वर्तमानपत्र तर नकोच, शाई तशीच उमटते. गुंडाळी आडवी ठेवा, वर काही वजन ठेवू नका.

गुंडाळण्याआधी धुवा. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. कोरड्या फडक्याने पुसलं की धुळीचे कण काचकागदासारखे घासतात, आणि ते ओरखडे उन्हात जास्त दिसतात. मग साध्या साबणाचं पाणी, मऊ कापड, पुन्हा स्वच्छ पाणी. काचेचा अमोनियावाला स्प्रे वापरू नका. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलेला हातही पडद्याला लागू देऊ नका, डाग कायमचा बसतो. चेनच्या दातांवरून मेणबत्ती फिरवा.

आमच्याकडे त्रास उलटा आहे. इथे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो. एका वर्षी मी गुंडाळी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली, मध्ये कापड नव्हतं. जूनमध्ये काढली तर थर एकमेकांना चिकटलेले. जोर लावून सोडवले आणि दोन ठिकाणी फाटले. तेव्हापासून पडदे घरातल्या थंड खोलीत, पलंगाखाली असतात.

नाना

---

नाना, खूप आभार. दोन शंका. गॅरेज गरम केलेलं नाही, चालेल? आणि एक पडदा दुधासारखा पांढुरका झालाय, तो गेला का?

ताई

---

ताई,

पांढुरका झाला म्हणजे बहुधा आत ओल शिरली आहे. कोरड्या खोलीत पसरून टांगा, दोन-तीन दिवस हवा लागू द्या. साफ झाला तर ओलच होती. आमच्याकडे श्रावणात असं होतं, ऊन पडलं की उतरतं. ओला पडदा गुंडाळला तर बुरशी धरते, म्हणून शिवणी आणि कडांची पट्टी बोटांनी चाचपून मगच गुंडाळा.

घरात जागा असेल तर घरातच ठेवा. नसेल तर गॅरेज चालेल, पण तिथे गुंडाळी हलवू नका. वसंतात काढाल तेव्हा आधी रात्रभर घरात आणून ठेवा, मग उलगडा. बोटीवर बसवतानाही तसंच. थंडीत प्लास्टिक आखडतं, चेनची दोन टोकं भेटत नाहीत आणि माणूस ओढायला जातो. ओढू नका, उन्हात जरा वेळ जाऊ द्या, आपोआप जुळतात.

तडा गेलेला भाग जोडून टिकणार नाही. पण सगळा पडदा बदलायला लागतोच असं नाही. कडेची शिवण उसवून तेवढाच पारदर्शक तुकडा नवीन घालून मिळतो का, ते शिवणाऱ्याला आधी विचारा.

नाना